घरचें धन, परकें कुलूप

घरांत धान्याची कणगी भरलेली असावी आणि तिची किल्ली मात्र वाण्याच्या कनवटीस असावी, असा संसार कोणी शहाणा गृहस्थ करणार नाहीं. परंतु आपल्यांतील बहुतेक सुशिक्षित कुटुंबांनीं गेलीं कित्येक वर्षें असाच संसार निमूटपणें चालविला आहे. फरक इतकाच कीं, ही कणगी धान्याची नसून अक्षरांची आहे. घरचे हिशेब, मुलांचे अभ्यास, लग्नकार्यांच्या याद्या, वडील माणसांचीं पत्रें, कुळाचाराचीं टिपणें हें सर्व आपण संगणकांत ठेवितों. आणि तो संगणक किती दिवस व कोणत्या अटींवर चालावा, हें मात्र दूरदेशीं बसलेला दुसराच कोणी ठरवितो. ही गोष्ट मला साठी उलटल्यावर, आणि तीहि एका माजी विद्यार्थ्याकडून, शिकावी लागली. ती कशी, हें या महिन्यांत वाचकांस सांगावयाचें योजिलें आहे.

आमचें बिऱ्हाड जूचंद्र येथें आहे. वसई तालुक्यांतील, नायगांवच्या पूर्वेकडील हें गांव आतां महानगरपालिकेंत समाविष्ट झालें असून २०१४ सालापासून पालघर जिल्ह्यांत मोडतें. चंडिका देवीची टेकडी, आसपासचीं मिठागरें आणि वसईहून दिव्याकडे जाणाऱ्या मार्गावरचें लहानसें स्टेशन एवढी ओळख परगांवच्यांस पुरेशी आहे. परंतु गांवाचा खरा लौकिक रांगोळीचा. येथील कलावंत रांगोळीच्या चिमटीनें माणसांचे चेहरे असे हुबेहूब काढतात कीं, पाहणारास जवळ जाऊन खात्री करून घ्यावीशी वाटते. ही रांगोळीची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें प्रयोजन आहे.

आमच्या घरांत तिघां भावांचे संसार एकत्र आहेत. थोरले बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणे, ते सहा वर्षांपूर्वीं निवर्तले. सेवानिवृत्तीनंतर आठ वर्षें त्यांनीं एकच काम केलें. घरांतील वृद्ध स्त्रियांजवळ बसून जात्यावरच्या ओव्या, व्रतांच्या कहाण्या, आमच्या कुळाचे आचार, कोणत्या पिढींत कोण कोठून कोठें गेलें याची हकीकत, असें सर्व त्यांनीं विचारून घेतलें व रोज थोडें थोडें संगणकावर उतरविलें. अशीं सुमारें चारशें पानें झालीं. ज्यांच्या तोंडून त्यांनीं तें ऐकलें त्या आमच्या मातोश्री, काकू व आत्याबाई, तिघीहि आतां नाहींत. म्हणजे त्या ओव्यांस आतां दुसरी प्रत नव्हती. दादांनीं छापून घेण्याचें दरवर्षीं मनांत आणलें आणि दरवर्षीं 'अजून एकदां तपासूं' म्हणून पुढें ढकललें.

तो संगणक २०१५ सालीं घेतलेला. त्यावर सौ. सूनबाई आपल्या शिकवणीचे हिशेब ठेवतात, पुतण्या नोकरीचे अर्ज भरतो, आणि नातवंडें अभ्यास करतात व आजोबांचा डोळा लागल्यावर खेळतात. २०२५ च्या पावसाळ्यांत त्याच्या पडद्यावर वारंवार एक सूचना येऊं लागली. विंडोज १० या प्रणालीस १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहींत. नोंदणी करणारांस फार तर आणखी एक वर्ष. त्यापुढें विंडोज ११ घ्यावी, असा तिचा आशय. बरें, विंडोज ११ घ्यावी तर ती आमच्या यंत्रावर बसेना. तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि बऱ्याच नवीन पिढीचा प्रोसेसर लागतो. यंत्र तर चांगलें चालतें आहे, पंख्याचा आवाजसुद्धां वाढलेला नाहीं, आणि तरी त्याला निवृत्तीचा हुकूम आलेला! मास्तरकींत मीहि वयाच्या अटीनेंच घरीं आलों असल्यामुळें मला त्या यंत्राविषयीं कांहींशी सहानुभूति वाटली, हें कबूल करतों.

रविवारीं जेवणानंतर घरांत बैठक झाली. धाकटे बंधु म्हणाले, "जुनें काढावें, नवें घ्यावें, रोज रोज कटकट नको." पुतण्यानें नव्या यंत्राचे भाव काढून ठेवलेच होते. बाजारांतील एका दुरुस्तीवाल्यास विचारलें, तर त्यानेंहि तेंच सांगितलें. कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या वहिनी तोंवर कांहीं बोलल्या नव्हत्या. त्या मजकडे पाहून म्हणाल्या, "भावोजी, नवा घ्या कीं जुना ठेवा, मला त्यांतलें कळत नाहीं. पण यांनीं लिहिलेलें मला वाचावयास मिळालें पाहिजे." त्यावर कोणी बोललें नाहीं. बैठक तेथेंच संपली.

दुसऱ्या दिवशीं मीं आमच्या गल्लींतील एका तरुणास बोलावलें. हा माझा विद्यार्थी. संस्कृतांत त्यानें मला कधीं फारसा आनंद दिला नाहीं. परंतु हात मोठा कुशल. दिवाळींत गांवांतील रांगोळ्यांत त्याची रांगोळी पाहावयास लोक थांबतात, आणि एरवीं तो संगणकाचें काम करितो. त्यानें यंत्र उघडून पाहिलें, बंद केलें आणि म्हणाला, "गुरुजी, यंत्राला कांहीं झालेलें नाहीं. याचा कारभारी बदला. आणखी चार-पांच वर्षें चाकरी करील."

कारभारी हा शब्द त्यानें मला समजावा म्हणून योजिला, आणि तो मला फार समर्पक वाटला. संगणकाचें यंत्र हा वाडा धरला, तर त्यांत कोणास कोठें बसवावें, कोणती कोठी कोणासाठीं उघडावी, छापण्याचें यंत्र, कळफलक, पडदा यांच्याकडून कामें कशीं करून घ्यावीं, हें सर्व पाहणारी जी आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज हा असा एक कारभारी. लिनक्स हा दुसरा. त्या तरुणानें आपल्या खिशांतून एक पेनड्राइव्ह काढून यंत्रास लाविला, आणि पांच मिनिटांत पडद्यावर निराळेंच आंगण दिसूं लागलें. "आंतलें कांहीं पुसलें नाहीं," तो म्हणाला. "हा नवा कारभारी अजून ओसरीवरच बसला आहे. आठ दिवस याच्याकडून काम करून घ्या. पटला तर घरांत घ्या. नाहीं तर पेनड्राइव्ह काढून टाका, जुना आहे तसाच आहे." विकत घेण्यापूर्वीं असें निरखून पाहण्याची मुभा मला आजवर कोणत्याहि दुकानांत मिळाली नव्हती. आणि येथें तर विकत घ्यावयाचेंच नव्हतें.

येथें सुज्ञ वाचक विचारतील कीं, ज्याला किंमत नाहीं त्याचा भरवसा काय? मींहि हाच प्रश्न केला. त्याचें उत्तर समजण्यास थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें ग्नू नांवाचा उपक्रम जाहीर केला. त्याचें म्हणणें असें कीं, आज्ञावली वापरणारास चार अधिकार असले पाहिजेत: ती हव्या त्या कामास चालविण्याचा, ती आंतून कशी रचली आहे हें अभ्यासून बदलण्याचा, तिची प्रत दुसऱ्यास देण्याचा, आणि आपण सुधारलेली प्रतहि दुसऱ्यास देण्याचा. हे अधिकार पुढें कोणी हिरावून घेऊं नयेत म्हणून त्यानें १९८९ सालीं एक परवानापत्रहि तयार केलें. प्रणालीचे बहुतेक भाग सिद्ध झाले, परंतु गाभा तेवढा राहिला होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं फिनलंडमधील हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण असा एक गाभा छंद म्हणून तयार करीत असल्याचें कळविलें व इतरांच्या सूचना मागविल्या. १९९२ सालीं तो गाभा त्याच परवान्याखालीं आला, आणि जगांतील सहस्रावधि लोकांनीं त्यांत भर घातली. आज जगांतील मोठमोठ्या संस्थांचे संगणक त्यावर चालतात. इतकेंच नव्हे, तर आपल्यांतील जे जे अँड्रॉइड फोन वापरतात, त्यांच्या खिशांतहि लिनक्सचाच गाभा आहे. तेव्हां 'आम्हांस लिनक्स माहीत नाहीं' असें म्हणणारा गृहस्थ तें बहुधा लिनक्सवरूनच म्हणत असतो!

हें सर्व ऐकूनहि माझ्या मनांतील किंतु जाईना, तेव्हां त्या तरुणानें आपल्या गांवचा दाखला दिला. "गुरुजी, आमच्या गल्लींत कोणी नव्या नमुन्याची रांगोळी काढली तर शेजारची बाई येऊन ठिपके मोजून जाते. तिला कोणी हटकतें कां? ती आपल्या दारीं तीच काढते, वर एक कमळ वाढविते, आणि तिची पाहून तिसरी काढते. पहिलीचें कांहीं कमी होत नाहीं, उलट गांवाचें नांव होतें. लिनक्स म्हणजे एवढेंच. ठिपके उघडे ठेवलेले असतात." विद्या दिल्यानें वाढते, हें मीं पस्तीस वर्षें फळ्यावर लिहिलें, पण तें आंगणांत रोज घडत असतांना माझ्या ध्यानीं आलें नव्हतें.

आठ दिवसांनीं आम्हीं नवा कारभारी घरांत घेतला. लिनक्सचीं जीं अनेक वितरणें आहेत, त्यांपैकीं मिंट नांवाचें वितरण त्यानें निवडलें; कारण तें जुन्या यंत्रांवर हलकें चालतें आणि विंडोजची संवय असलेल्या माणसास त्यांत फारसें चुकल्यासारखें होत नाहीं. बसविण्यापूर्वीं त्यानें घरांतील सर्व लिखाणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं काढल्या, व त्या उघडतात कीं नाहीं हें मला बसवून दाखविलें. हें काम कंटाळवाणें वाटतें; परंतु पुढें जें घडलें तेव्हां त्याच दोन प्रतींनीं माझा जीव थाऱ्यावर ठेविला.

घडलें तें असें. नव्या प्रणालींत मीं मोठ्या उत्साहानें दादांची वही उघडली, आणि पाहतों तों चारशें पानांत एकहि देवनागरी अक्षर नाहीं! सर्वत्र रोमन अक्षरें, अंक, कंस आणि उद्गारचिन्हें यांची खिचडी. माझे हातपाय गळाले. वहिनी दाराशीं उभ्या होत्या. त्यांनीं पडद्याकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां आंत गेल्या. मीं त्या तरुणास फोन केला व जें बोलूं नये तें बोललों. तो पंधरा मिनिटांत आला, व माझा राग ओसरेपर्यंत खालीं मान घालून बसला. मग म्हणाला, "गुरुजी, गेलेलें कांहीं नाहीं. हें असेंच होतें. आजवर तुम्हांला त्यावर घातलेला मुखवटा दिसत होता."

त्याचा अर्थ त्यानें समजाविला तो प्रत्येक मराठी घरानें समजून घेण्याजोगा आहे. पूर्वींच्या मराठी टंकांत संगणकाच्या दृष्टीनें मराठी अक्षर असें नसेच. संगणक रोमन अक्षर साठवी, आणि तो विशिष्ट टंक त्या रोमन अक्षराच्या जागीं 'क'चें किंवा 'ख'चें चित्र दाखवी. कोणत्या अक्षरास कोणतें चित्र, हें प्रत्येक कंपनी आपल्या मनानें ठरवी. टंक काढून घेतला कीं चित्र गेलें आणि मागें रोमन गिचमिड उरली. दादांनीं वापरलेला टंक ज्या आज्ञावलीबरोबर आला होता, ती केवळ विंडोजवर चालणारी, आणि तिला डोंगल नांवाची किल्ली यंत्रास लावावी लागे. ती किल्ली दादांच्या पश्चात् कोठें गेली याचा घरांत कोणासच पत्ता नव्हता. म्हणजे विंडोज राहती तरीहि आम्ही दादांचें लिखाण फक्त पाहूं शकलों असतों. त्यांतील एक काना दुरुस्त करणेंहि आमच्या हातीं नव्हतें. लिनक्सनें तें कुलूप घातलें नव्हतें. कुलूप कधींचेंच होतें. लिनक्सनें तें दाखविलें, इतकेंच.

याउलट युनिकोड या जागतिक पद्धतींत प्रत्येक देवनागरी वर्णास स्वतःचा क्रमांक आहे. मग टंक कोणताहि असो, कारभारी कोणीहि असो, 'क' हा 'क'च राहतो. तेव्हां दादांचें लिखाण जुन्या चित्रांतून युनिकोडमध्यें आणणें हाच उपाय होता, आणि त्यासाठीं कोणत्या चिन्हास कोणता वर्ण याचें कोष्टक हवें होतें. त्या तरुणानें आपल्या ओळखीच्या मंडळींस विचारिलें. पुण्याच्या एका अभियंत्यानें अर्धें कोष्टक पाठविलें. नागपूरच्या एका विद्यार्थ्यानें परिवर्तन करणारी आज्ञावली लिहून दिली. केरळांतील एका शिक्षकानें, मराठीचें अक्षर येत नसतां, मलयाळमसाठीं आपण हीच अडचण कशी सोडविली तें फोनवर अर्धा तास समजाविलें. यांपैकीं एकासहि मीं पाहिलेलें नाहीं. मोबदल्याची गोष्ट काढली तर तिघेहि हसले.

परिवर्तन झालें, पण पहिल्या फेरीचें मराठी वाचून मला माझ्या सातवीच्या वर्गाची आठवण झाली. शब्द ओळखूं येत, पण वेलांट्या भलतीकडे आणि रफार तिसऱ्याच अक्षरावर. येथें मात्र माझें जन्मभराचें भांडवल प्रथमच उपयोगी पडलें. जुना टंक अक्षरें डोळ्यांस दिसतात त्या क्रमानें साठवी, आणि युनिकोड तीं मुखानें उच्चारितात त्या क्रमानें साठवितें. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून जुन्या पद्धतींत ती व्यंजनाच्या आधीं. परंतु 'कि' म्हणतांना 'क्' आधीं व 'इ' मागून, म्हणून युनिकोडांत ती नंतर. रफार दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, म्हणून जुन्या पद्धतींत तो मागून. पण 'धर्म' म्हणतांना 'र्' हा 'म'च्या आधीं येतो. 'कीर्ति' हा एकच शब्द घ्या: त्यांत रफारास 'त'च्या अलीकडे न्यावयाचें आणि वेलांटीस 'त'च्या पलीकडे. 'स्थिति' या शब्दांत वेलांटीनें 'स्' आणि 'थ' दोन्हीं ओलांडावयाचीं; आज्ञावली एकच ओलांडून थांबे. त्यांत दादा जुन्या वळणाचे. ते 'पूर्वीं', 'सर्वांत' असे अनुस्वार कटाक्षानें देत, आणि जुन्या टंकांत रफार व अनुस्वार मिळून एक स्वतंत्रच चिन्ह होतें. तें कोष्टकांत कोणी घातलेंच नव्हतें. कारण तसें लिहिणारी माणसेंच उरलीं नव्हतीं.

मीं रोज सकाळीं दोन तास बसून असे शब्द निवडून काढीत असें. प्रत्येक चुकीपुढें नियम लिहून ती वही संध्याकाळीं त्या तरुणास दाखवी. तो नियम आज्ञावलींत घाली, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां परिवर्तन होई. असे पांच आठवडे गेले. शेवटीं चारशें पानांत हातानें दुरुस्त करावयाच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. तेव्हां नागपूरच्या त्या विद्यार्थ्यानें मला विचारलें, "गुरुजी, तुमचे नियम आम्हीं सर्वांसाठीं खुले ठेवले तर चालेल ना?" मला क्षणभर उत्तरच सुचेना. आजवर मी घेणाराच्या रांगेंत उभा होतों. आणि या मुलांनीं मला, माझ्या नकळत, देणारांत नेऊन बसविलें होतें.

घरांतील इतर मंडळींचें काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. सौ. सूनबाईंनीं लिबरऑफिस हें मुक्त लेखन-हिशेबाचें साधन पंधरा दिवसांत आत्मसात केलें. त्यांस पवईच्या आय. आय. टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमाचा फार उपयोग झाला. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानें सुरू झालेल्या या उपक्रमांत साधारण दहा मिनिटांचे लहान लहान पाठ आहेत. त्यांचें निवेदन मराठींतहि मिळतें, आणि पाठ ऐकत ऐकत शेजारीं तेंच करून पाहावयाचें अशी त्यांची रीत आहे. स्वयंपाकाला गॅसवर कांहीं ठेवून एकेक पाठ होई. मराठी लिहिण्यासाठीं मीं इन्स्क्रिप्ट हा कळफलक शिकलों. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या मानकांत त्याचा समावेश आहे. त्याची रचना पाहून पाणिनीच्या विद्यार्थ्यास संतोष व्हावा: स्वर डाव्या हातास, व्यंजनें बहुतेक उजव्या हातास, आणि 'क'च्याच कळीवर शिफ्ट दाबली कीं 'ख', 'ग'च्या कळीवर 'घ', अल्पप्राण आणि महाप्राण एकाच घरांत नांदतात. पडद्यावर दिसणारा 'लोहित' नांवाचा टंकहि मुक्त आहे. 'लोहित' म्हणजे तांबडा. रेड हॅट, म्हणजे तांबडी टोपी, या लिनक्सच्या कंपनीनें तो २००४ सालीं खुला केला, यावरून हें नांव.

आतां दुसरी बाजू. मी प्रचारक नाहीं, आणि वाचकांस फसवूं इच्छीत नाहीं. व्यापारी हिशेबाचीं कांहीं प्रचलित साधनें विंडोजवरच चालतात. धाकट्या बंधूंचें त्यांवांचून चालत नाहीं, म्हणून त्यांनीं आपलें यंत्र बदललें नाहीं, आणि तें योग्यच केलें. आमचें छपाईचें यंत्र चार दिवस रुसून बसलें होतें. नातवंडांचे दोन खेळ गेले, याबद्दल शोक अद्याप चालू आहे. मोठ्या संस्थांचेंहि तसेंच. जर्मनींतील म्यूनिक नगरपालिकेनें २००३ सालीं लिनक्सकडे जाण्याचें ठरवून सुमारें पंधरा हजार यंत्रें बदललीं, आणि २०१७ सालीं परत फिरण्याचा निर्णय घेतला. उलट आपल्याच देशांतील केरळ राज्यानें शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त आज्ञावल्यांवर उभें केलें व तें टिकविलें. २०१९ सालीं दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठीं तेथें लिनक्सची नवी आवृत्ति काढण्यांत आली. केरळांत तें टिकलें याचें कारण मला असें दिसतें कीं, तेथें शिक्षकच शिक्षकांस शिकवीत गेले. आमच्या घरच्या अनुभवाशीं हें जुळतें. शेजारीं विचारावयास माणूस असला तर लिनक्स सोपें. नसला तर अवघड.

ज्या कुटुंबांत अशीच सूचना पडद्यावर आली असेल, त्यांस माझें सांगणें थोडकें आहे. घाई करूं नये. प्रथम सर्व लिखाणाच्या दोन प्रती काढाव्या व त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्या. मग पेनड्राइव्हवरून आठ-पंधरा दिवस लिनक्स वापरून पाहावें; घरांतील प्रत्येकाचें नेहमींचें काम त्यावर होतें कीं नाहीं याची यादी करावी, आणि एखादें होत नसेल तर तेवढ्यापुरती जुनी व्यवस्था बाजूस ठेवावी. आणि विंडोजवर राहा अथवा लिनक्सवर या, जुन्या टंकांत अडकलेलें वाडवडिलांचें लिखाण आधीं युनिकोडमध्यें आणावें. यंत्र उद्यां दुसरें मिळेल. आत्याबाई मिळणार नाहींत.

राहिला ऋणाचा प्रश्न. आपल्याकडे मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मतो असें मानलें आहे, आणि त्यांतील ऋषिऋण फिटतें तें अध्ययन व अध्यापन यांनीं; म्हणजे ज्यानें दिलें त्यास परत करून नव्हे, तर पुढच्यास देऊन. त्या तरुणास मीं पाकीट देऊं केलें, तें त्यानें पायाशीं ठेवून परत केलें व म्हणाला, "गुरुजी, एका घराचें तुम्ही करून द्या." म्हणून गेल्या महिन्यांत मी आमच्याच इमारतींतील एका वृद्ध गृहस्थांकडे पेनड्राइव्ह घेऊन गेलों. मला दोन तास लागले. त्या मुलास वीस मिनिटें लागलीं असतीं. पण झालें. त्या गृहस्थांसहि मीं निघतांना तेंच सांगितलें आहे.

दादांची वही मोठ्या टाइपांत छापून वहिनींच्या हातीं दिली. त्या चष्मा लावून चार दिवस वाचीत होत्या. पांचव्या दिवशीं एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "भावोजी, ही ओवी सासूबाईंची नव्हे, आत्याबाईंची. यांनीं चुकून त्यांच्या नांवावर घातली." मीं संगणक उघडला, नांव बदललें आणि तें पान पुन्हां छापून वहींत लाविलें. इतकीं वर्षें तें करणें आमच्या हातीं नव्हतें.